दहा फुलपात्रं पेट्रोल

अण्णासाहेब चिखलीच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष, आणि गावातली सगळ्यात मोठी पिणारी त्यांच्याच दारात उभी. तिला चार चाकं होती. लष्कराच्या लिलावातली स्टेशन वॅगन. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा आलेल्या पैशातून अण्णासाहेबांनी ही गाडी घेतली आणि लग्नाला, जावळाला, देवदर्शनाला भाड्यानं द्यायला लागले. लिटरला पाच किलोमीटर जायची, तेही तिचं मन प्रसन्न असलं तर. तोवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. पण त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराला तिकडं अरबस्तानात कुणीतरी तेलाचा नळ आवळला आणि इकडं चिखलीत अण्णासाहेबांना ठसका लागला.

"कोंडीराम," त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं, "हिचं पिणं कमी कर. न्हाई तर हिला दारात ठिवायची न्हाई."

कोंडीराम बारा वर्षं ती गाडी चालवत होता. बायकोच्या माहेरची माणसं त्याला नावानं ओळखत नसत, पण हॉर्नवरून ओळखत. त्यानं हुकूम शिरसावंद्य मानला. आधी गाडीचं वजन कमी केलं: स्टेपनी काढली, मागचं एक बाकडं काढलं, आरसे काढले. मग पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं. गाडी पळाली, नाही असं नाही. पण मांडवापुढं वऱ्हाड उतरलं तेव्हा नवरीच्या आईनं काजळी धरलेल्या जावयाकडं बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाली, "फोटूत गोरा व्हता."

त्यानंतर कोंडीरामानं खेडचा घाट इंजिन बंद करून उतरायचं ठरवलं. उतार फुकट आहे, मग तो वाया का घालवा? त्या दिवशी ब्रेकचंही तेच मत पडलं आणि त्यानंही काम बंद ठेवलं. गाडी घरंगळत खाली आली ती थेट रस्त्याकडेच्या मिरचीवाल्याच्या ढिगात. माणूस कुणी दुखावला नाही. फक्त पुढचे दोन तास आख्खा बाजार शिंकत होता.

मग अण्णासाहेबांनी निर्णय दिला. गाडी भंगारवाल्याला. कोंडीरामाला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून चिकटवायचं. त्यांनी साहेबाशी बोलणंसुद्धा करून ठेवलं. टोपी, काठी आणि एक स्टूल.

कोंडीराम माझ्या खोलीवर आला. मी तेव्हा पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो आणि राहायला अण्णासाहेबांच्याच चाळीत. तो दारात उकिडवा बसला.

"विलासराव, स्टूल."

"काय?"

"स्टुलावर बसायचं म्हनं. आन् दुसऱ्याच्या गाड्या आत सोडायच्या. बारा वर्सं मी गाडीत बसून हिंडलो, आता स्टुलावर बसून बघू?" तो उठून आत आला. "काय तरी करा राव."

मी त्याला साहेबरावांकडं नेलं. साहेबराव आमच्या कारखान्यात वेल्डर. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती, पण लोखंड त्यांना अजून घाबरायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी खडकीला लष्करी मोटारी दुरुस्त केल्या होत्या. कोंडीरामाचं रडगाणं ऐकून ते हसायलाच लागले.

"अरे, लढाईत कुठलं आलंय पेट्रोल? निम्म्या मोटारी कोळशावर पळायच्या. गाडीच्या पाठीवर भट्टी. लोणारी कोळसा पेटवायचा, पण त्याला पोटभर हवा द्यायची नाही. अर्धपोटी ठेवला की तो चिडतो आणि गॅस सोडतो. तो गॅस गाळायचा आणि नळीनं इंजिनात सोडायचा. गाडी चालू करण्यापुरतं घोटभर पेट्रोल लागतं, मग गॅसवर."

"अर्धपोटी ठिवला की काम करतो," कोंडीराम म्हणाला. "म्हंजे आमच्यासारखाच की."

"एकच पथ्य. सगळी दारं गच्च बंद पाहिजेत. भलतीकडनं हवा शिरली तर गॅस आतल्या आत जळून जातो आणि इंजिन मान टाकतं."

तीन गुरुवारच्या सुट्ट्या घालवून साहेबरावांनी दोन ऑइलच्या पिपांची भट्टी उभी केली. वर कोळसा टाकायला झाकण, खाली राख काढायला वीतभर दार, शेजारी काथ्या भरलेली गाळणी, आणि तिथून टपावरून बॉनेटपर्यंत गेलेली नळी. गाडी मागून बघितली तर बंब तापवून कुणी देशोधडीला निघाल्यासारखी दिसायची.

अण्णासाहेबांनी तिला तीन फेऱ्या मारल्या. ते सरपंच होऊन गेलेले, त्यामुळं परीक्षा कशी घ्यायची हे त्यांना माहीत होतं.

"डालड्याचा एक डबा पेट्रोल," ते म्हणाले. "मी मोजलंय, दहा फुलपात्रं बसतात. तेवढ्यात लेन्याद्रीला जाऊन माझ्या आंगनात परत. अकरावं फुलपात्र लागलं, की उद्या सकाळी भंगारवाला."

"कबूल," कोंडीराम म्हणाला.

"डबा माझ्यापाशी राहील. सीलबंद."

आणि खरोखरच त्यांनी ग्रामपंचायतीतली लाख आणि पितळी शिक्का बरोबर घेतला. प्रत्येक वेळी सील फोडायचं, फुलपात्र भरायचं, पुन्हा लाख लावून शिक्का मारायचा. मला पंच नेमलं. भाडेकरू असल्यामुळं मला नकार देता आला नाही.

लेण्याद्रीला जायचं म्हटल्यावर अण्णासाहेबांच्या मंडळींनी, केसरबाईंनी शेजारच्या चौघींना गोळा केलं. त्यांना गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. साहेबरावांनी त्यांच्या मंडळींना, चिमाबाईंना आणलं. त्यांना त्याच डोंगरातली बुद्धलेणी बघायची होती. कोंडीरामाला फक्त परत यायचं होतं. बायकांनी मागच्या बाजूला बोचकी, पिशव्या, भाकऱ्यांची दुरडी असं सगळं कोंबलं. साहेबराव वजन बघून कळवळले, पण केसरबाईंना कोण बोलणार?

गुरुवारी उजाडताना आम्ही निघालो. माघ महिना, हवेत गारठा. भट्टी पेटवून साहेबरावांनी हातपंख्यानं दहा मिनिटं वारा घातला. अण्णासाहेबांनी पहिलं फुलपात्र मोजून दिलं. मग खालचं दार उघडून निखाऱ्यावर लाख वितळवली, डब्याला सील केलं आणि डबा नातवासारखा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. कोंडीरामानं हँडल मारलं. गाडी खोकली, खाकरली आणि चालू झाली. साहेबरावांनी नळीची कळ फिरवली. पेट्रोल बंद, गॅस चालू. इंजिनाचा आवाज बदलला. आधी ती तरण्या पैलवानासारखी घुमायची, आता पेन्शनर मामलेदारासारखी गुरगुरायला लागली. पण चालायला लागली!

मोशी गेली. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जाताना नमस्कार करत होते. चाकणचा कांदाबाजार गेला. कोंडीरामाचा चेहरा असा फुलला होता, की त्यानं एका बैलगाडीला ओव्हरटेक करताना उगाचच हॉर्न दिला. बैलगाडीवाला म्हणाला, "जावा, जावा, घाई दिसतीया."

चाकण सोडून मैलभर गेलो आणि गाडीचा दम सुटला. सगळे खाली उतरलो. साहेबराव बॉनेटमध्ये शिरले. कोंडीराम गाडीखाली शिरला. बायका पाय मोकळे करायला म्हणून मागच्या बाजूला गेल्या.

"कोळसा दमट असेल," साहेबराव म्हणाले.

"प्लग बघा," कोंडीराम खालून म्हणाला.

"नशीब बघा," अण्णासाहेब म्हणाले आणि डब्यावरचं सील फोडलं. भट्टीपाशी बायकांची गर्दी होती, म्हणून इथून पुढं त्यांनी लाख काडीपेटीवरच वितळवली.

पंखा मारला, गाडी चालू झाली, पण अंगात त्राण नव्हतं. खेडच्या घाटाखाली पुन्हा बसली. या वेळी गाळणी उघडून काथ्या बदलला. घाटात पुरुषांनी ढकलली, बायका मागून चालत आल्या. त्या फार समाधानी दिसत होत्या. मंचरला चौथं फुलपात्र. साहेबरावांनी नळीचे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले. नारायणगावला पाचवं. कोंडीरामानं टपावर चढून नळीला कान लावला. जुन्नरच्या वेशीत सहावं.

"सहा," अण्णासाहेब म्हणाले. "आन् अजून देवाच्या दारात पोचलो न्हाई."

कोंडीराम स्टिअरिंग असं गोंजारत होता, की मला दुसरीकडं बघावं लागलं. प्रत्येक वेळी थांबलो की आम्ही तिघं बॉनेटभोवती, आणि बायका भट्टीभोवती. एकदा मला मागून हसण्याचा आवाज आला. एकदा चिमाबाई म्हणाल्या, "वहिनी, अजून एक कड राहिलीय." मला वाटलं लुगड्याची.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तीनशेच्या वर पायऱ्या चढून केसरबाईंच्या मंडळींनी गणपतीला नारळ वाढवले. साहेबराव आणि चिमाबाई स्तूपापुढं हात जोडून बराच वेळ उभे राहिले. कोंडीराम आधी एकीकडं पाया पडला, मग दुसरीकडं पाया पडला, मग सगळ्या लेण्यांना मिळून एकदा पाया पडला. कुणाचा इंजिनाशी संबंध असेल, सांगता येत नाही.

खाली येऊन चिंचेखाली जेवायला बसलो. दुरडी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा, आणि शालनबाई म्हणून एक शेजारीण होती, तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. वांग्याचं भरीत. वर खरपूस वास. पाठोपाठ केसरबाईंनी प्रत्येकाच्या हातात एक भाजलेलं रताळं ठेवलं.

अण्णासाहेबांनी रताळं सोललं आणि फू फू केलं. खाल्लं. डोळे मिटले. "वा! कसं खुटखुटीत भाजलंय." मग दुसऱ्या घासाला ते थांबले. "गरम कसं काय हाय हे?"

सगळ्या बायका एकदम पाणी प्यायला लागल्या.

साहेबराव हळूच उठले. गाडीच्या मागं गेले. राखेचं दार बघितलं. दाराची कडी लागलेली नव्हती. फटीत वांग्याचं एक देठ आडवं अडकलं होतं, आणि आत राखेत सहा रताळी ओळीनं झोपली होती.

"कोंडीराम," साहेबराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "इकडं ये. हे बघ आपलं कार्बोरेटर."

कोंडीरामानं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. "वैनी! आवो, चाकनपासनं आमी प्लग पुसतोय, नळ्या फुंकतोय, गाडी ढकलतोय! आन् तुमी हितं वांगी भाजताय?"

"मग?" केसरबाई म्हणाल्या. त्यांना खरंच काही वावगं दिसत नव्हतं. "पेटलेली चूल मोकळी जाळत्यात व्हय? चांगला जाळ, कुनाच्या कामाचा न्हाई, नुस्ता धुरावारी चाललाय."

"चूल न्हाई ती! गॅस प्लांट हाय!"

"आत कोळसं हायेत का न्हाई? राख हाय का न्हाई? मग चूलच की."

"पण दार उघडं राहिलं वहिनी," साहेबराव कळकळून म्हणाले. "हवा शिरली. गॅस जळून गेला. दर वेळी तुम्ही भाजायला ठेवलंत की गाडी बसायची."

"आन् दर वेळी गाडी बसली, की आमी भाजायला ठिवायचो," शालनबाई म्हणाली. "गाडी थांबल्याबिगर ठिवनार कसं?"

तर्क चोख होता.

"इचारायचं तरी," कोंडीराम रडवेला झाला.

"तुमी कुठं इचारलं?" चिमाबाई म्हणाल्या. "पाच वेळा गाडी थांबली. तिघं तिकडं डोकं खुपसून. एकानं तरी मागं येऊन बघितलं? चुलीपाशी आपलं काय काम, असंच ना?"

अण्णासाहेब आवाज चढवून म्हणाले, "पर दार उघडायचं सुचलं कुनाला आदी?"

केसरबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, की त्यांच्या हातातलं रताळं गार झालं. "सकाळी लाख कुटं वितळीवली तुमी?"

पंच म्हणून मी मनात टिपून ठेवलं: कडी पहिल्यांदा उघडी राहिली ती अण्णासाहेबांच्याच हातून.

भांडण मिटलं, पण नवीन संकट उभं राहिलं. दार उघडं राहिल्यानं कोळसा भराभर जळाला होता. येता-जाता पुरेल म्हणून आणलेल्या दोन पोत्यांतलं तळाला ओंजळभर राहिलं होतं. पेट्रोल चार फुलपात्रं. घर ऐंशी किलोमीटर. अण्णासाहेब म्हणाले, "मी यश्टीनं जातो. गाडी हितंच मोडीत द्या."

कोंडीराम पायरीवर बसला. मला त्याच्या शेजारी ते स्टूल दिसायला लागलं.

चिमाबाई तेवढ्यात नारळवाल्याच्या दुकानामागं बघत होत्या. तिथं करवंट्यांचा डोंगर पडला होता. "अहो," त्या साहेबरावांना म्हणाल्या, "पिंपरी कॅम्पातला इस्त्रीवाला कसला कोळसा घालतो?"

"करवंटीचा." साहेबराव बोलले आणि तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग सावरून म्हणाले, "पण कच्च्या करवंट्या चालायच्या नाहीत. डांबर सुटेल. इंजिन चिकटेल."

"कच्च्या कोण घालतंय? आधी जाळू. निखारा झाला की वर घमेलं पालथं घालायचं आणि मातीनं कडा लिंपायच्या. आपोआप कोळसा."

नारळवाला म्हणाला, "फुकट न्या, वर आशीर्वाद घ्या. पालिका उचलत न्हाई." आणि मग मी आयुष्यात बघितलं नाही असं एक खातं तिथं चालू झालं. केसरबाई जाळावर, चिमाबाई घमेल्यांवर, शालनबाई मातीवर, बाकीच्या तिघी करवंट्या फोडायला. कारखान्यात एवढं काम करून घ्यायला चार सुपरवायझर आणि एक भोंगा लागला असता. साहेबराव त्यांच्या हाताखाली हेल्पर झाले. दीड तासात दीड पोतं कोळसा. काळा कुळकुळीत, टणक, बोटानं वाजवला तर टणटण करणारा.

राखेचं दार साहेबरावांनी स्वतः तारेनं बांधलं. केसरबाईंनी गणपतीची शपथ घेतली, की घरी पोचेपर्यंत भट्टीला हात लावणार नाही. बाकीच्यांनी मान हलवली. सातवं फुलपात्र.

आणि गाडी उधळली! करवंटीच्या कोळशाचा गॅस तिला असा मानवला, की जुन्नरहून नारायणगावला कधी आलो कळलं नाही. सकाळी आम्हाला नमस्कार करणारे सायकलवाले आता रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहत होते. मागं खोबरं करपल्याचा वास सोडत आम्ही मंचर ओलांडलं. खेडचा घाट तर ती झोकात उतरली, आणि ब्रेकही लागले. कोंडीराम गायला लागला. त्याला गाणं येत नव्हतं, पण त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.

चाकणला थांबलो. खरं तर थांबायची गरज नव्हती. पण अण्णासाहेब म्हणाले, "च्या घिऊ. पोरी दमल्यात." बायकांची एवढी काळजी त्यांनी कधी केली नव्हती. आम्ही चहा पीत होतो तेव्हा ते लघवीला म्हणून शेताकडं गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. मी लक्ष दिलं नाही. आठवं फुलपात्र.

मोशीच्या अलीकडं इंजिन कण्हलं. ठसकलं. थांबलं.

सगळ्यांनी एकदम बायकांकडं बघितलं.

"गनपतीची आन," केसरबाई म्हणाल्या. "हात न्हाई लावला."

साहेबरावांनी मागं जाऊन बघितलं. दार गच्च बंद, तारही जागेवर. त्यांनी वरचं झाकण उघडलं, कोळसा ढवळला, पंखा मारला. नववं फुलपात्र. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली, दोन मैल रडतखडत गेली आणि पुन्हा थांबली. पिपातून पांढरी वाफ येत होती आणि एक ओळखीचा वास.

"दहावं," अण्णासाहेब म्हणाले. त्यांनी डबा पालथा केला आणि शेवटचा थेंब हातावर घेतला. त्यांचा आवाज एवढा बारीक का झाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

दहाव्या फुलपात्रावर आम्ही शेवटचा ओढा ओलांडला. गावाची चिंच दिसायला लागली. अंगण अर्ध्या मैलावर. आणि तिथं गाडीनं डोळे मिटले.

कोंडीराम खाली उतरला. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. "संपलं," तो म्हणाला. "अण्णा, मी शब्द दिला व्हता. उद्या भंगारवाल्याला बलवा." त्यानं गाडीची चावी काढून त्यांच्यापुढं धरली.

अण्णासाहेबांनी चावी घेतली नाही. ते डब्याकडं बघत होते.

"थांब रे," साहेबराव म्हणाले. "मला हे दार एकदा उघडून बघू दे." त्यांनी तार सोडली. तार त्यांची नव्हतीच. त्यांनी उजवीकडं पीळ दिला होता, हा डावीकडं होता. दार उघडलं, सळई घातली आणि आतून ओढून काढली ती हिरव्या हरभऱ्याची जाडजूड पेंढी. अर्धी भाजलेली, अर्धी ओली, आणि तिच्या वाफेनं भट्टीचं नरडं दाबून धरलेलं.

"हुळा!" शालनबाई किंचाळली.

मग केसरबाई पदर खोचून नवऱ्यापुढं आल्या. त्यांनी अण्णासाहेबांच्या मिशीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. कोटाच्या खिशात हात घातला. हरभऱ्याचा पाला निघाला.

"दारूबंदीच्या अध्यक्षांना," केसरबाई म्हणाल्या, "हुळ्याची तलप आली व्हय?"

"पावन्याचं शेत व्हतं," अण्णासाहेब पुटपुटले. "मी म्हनलं, चांगला जाळ हाय, मोकळा जातोय. दार घट बंद केलं की मी. घट बंद केलं तर हवा शिरत न्हाई, आसं साहेबरावच म्हनले व्हते."

"ओला पाला आत घातलात हो अण्णासाहेब," साहेबराव कपाळाला हात लावून म्हणाले. "वाफ धरली."

"मला काय म्हाईत? मी काय वेल्डर हाय?"

कोंडीराम हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं चावी तशीच धरून उभा होता. केसरबाई माझ्याकडं वळल्या.

"पंच कुटं हाय? विलासभावजी, सांगा. नववं आन् धाववं फुलपात्र कुनाचं?"

माझ्या एका बाजूला घरमालक, दुसऱ्या बाजूला घरमालकीण. नळ सकाळी किती वेळ सोडायचा, हे ठरवणारी घरमालकीण होती. मी घसा साफ केला.

"नववं आणि दहावं ही दोन फुलपात्रं हुळ्याच्या पोटी खर्च झाली. ती गाडीच्या नावावर धरता येणार नाहीत. गाडीचं पिणं आठच. दोन शिल्लक आहेत."

"कुटं शिल्लक हायेत? डबा रिकामा हाय!" अण्णासाहेब म्हणाले.

"मग ढकलून भरून द्या," केसरबाई म्हणाल्या. "शिल्लक मालकानं संपीवली, तर मालकानं ढकलावं. लावा हात."

आणि चिखलीच्या लोकांनी दिवेलागणीला एक नवल बघितलं. पुढं स्टिअरिंगवर कोंडीराम, छाती काढून. मागं धोतराचा काचा मारून माजी सरपंच, त्यांच्या एका खांद्याला साहेबराव, दुसऱ्याला मी. बाजूनं सहा बायका चालतायत आणि हुळा सोलून खातायत. तो अर्धा का होईना, झकास भाजला होता. चिमाबाईंनी चालता चालता एक मूठ सोलून अण्णासाहेबांच्या हातावर ठेवली. त्यांनी एका हातानं गाडी ढकलत ती तोंडात टाकली आणि उरलेली माझ्याकडं सरकवली, तशी माझ्याही तोंडात चार दाणे आले.

पारावरच्या एकानं विचारलं, "अण्णा, पेट्रोल संपलं का?"

"पेट्रोल कशाला लागतंय?" अण्णासाहेब धापा टाकत म्हणाले. "आमची गाडी कोळशावर हाय!"

गाडी अंगणात येऊन थांबली. उतरवायच्या सामानाकडं बायका बघायलाही तयार नव्हत्या. त्या भट्टीपाशी उभ्या राहून पुढच्या महिन्यात भीमाशंकर करायचं की कार्ल्याची लेणी, आणि तिकडं मक्याची कणसं मिळतील का, यावर वाद घालत होत्या. शालनबाईनं दोन नवीन बायकांची नावंसुद्धा घेतली. कोंडीराम मात्र अजून खालीच बघत होता. निकाल पंचानं दिला होता, मालकानं नव्हता.

अण्णासाहेब पायरीवर बसले. पाणी प्यायले. मिशी पुसली. मग उठून भट्टीच्या खालच्या दाराला वीत लावून बघितली.

"कोंडीराम."

"जी."

"उद्या सकाळी ते खालचं दार मोठं करून घे. रताळी धा-बारा तरी बसली पायजेत."

कोंडीरामानं मान वर केली. चावी मुठीत घट्ट धरली. "धा-बारा आत्ताबी बसतील, मालक," तो म्हणाला. "उभी लावली तर."